वळचणीचं पाणी आढ्याला: पोटमाळ्यावरची ओल कशी ओळखायची आणि कशी घालवायची

आढ्याचं पाणी शेवटी वळचणीला, असं आपण म्हणतो. पावसाच्या पाण्यापुरतं ते खरंही आहे. पण त्याच पाण्याची वाफ झाली की म्हण उलटी फिरते. न्हाणीघरातली वाफ छताच्या फटींतून वर चढते, पोटमाळ्यात शिरते आणि तिथल्या सगळ्यात गार जागी, बहुतेक वेळा आढ्याजवळ किंवा पत्र्याच्या पोटाला, पुन्हा पाणी होऊन लटकते. ते खाली टपकलं की आपण म्हणतो, छप्पर गळतंय.

मीही तेच म्हणत होतो. दोनदा छप्पर शाकारून घेतलं, दोन्ही वेळा डाग परत आले. तिसऱ्या वेळी गवंड्याला बोलवायच्या आधी स्वतःच थंडीतल्या एका पहाटे वर चढलो. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. टॉर्च फळ्यांना लगटून आडवा धरला, तर खाली आलेलं खिळ्याचं प्रत्येक टोक चमकत होतं. जवळ जाऊन पाहिलं, तर प्रत्येक टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. खिळ्यांची जशी रांग, तशीच खाली ग्लासवूलवर (छतावर अंथरलेल्या, उष्णता अडवणाऱ्या काचतंतूंच्या गादीवर) ओल्या ठिपक्यांची रांग. गळती अशी रांगेत येत नाही. नंतर कोपऱ्यात कारण सापडलं: न्हाणीघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं नळकांडं बसवणाऱ्याने बाहेर काढलंच नव्हतं, पोटमाळ्यातच सोडून दिलं होतं. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीची वाफ रोज तिथे जमत होती.

म्हणून माझं म्हणणं असं की छपराला जाळी किंवा झरोका बसवणं हे पहिलं नव्हे, शेवटचं काम आहे. आधी ओल कसली ते ओळखा, मग वाफेचा उगम तोडा, मग छताच्या फटी बुजवा, आणि त्यानंतरच हवा खेळती करा. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, कारण झरोका बसवला की काम झाल्यासारखं दिसतं. (या लेखात छत म्हणजे खोलीचं वरचं आवरण आणि छप्पर म्हणजे त्याच्याही वरची कौलं, पत्रा किंवा फळ्या. दोन्हींच्या मधली पोकळी म्हणजे पोटमाळा.)

वर चढण्याआधी

पाय फक्त तुळयांवर ठेवायचा. छताची प्लायवूड, जिप्सम किंवा आणखी कसलीही पाटी माणसाचं वजन पेलत नाही. दोन-तीन तुळयांवर आडवी टाकता येईल अशी जाड फळी बरोबर न्या. भर उन्हात पोटमाळ्यातलं तापमान ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून सकाळी लवकर चढा. थेंब दिसण्याचीही तीच वेळ असते. वायरिंग जुनं असेल तर मेन स्विच बंद करून टॉर्चवर काम करा. एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. उंदरांच्या किंवा वटवाघळांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, मग कागदाने उचला. छप्पर जुन्या ॲसबेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर त्याला भोक पाडणं, खरवडणं, तारेच्या ब्रशने घासणं यांतलं काहीही करू नका. त्या धुळीतले तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. तिथे जाणकाराचंच काम.

गळती, झिरपणं की दव?

तिन्हींचे डाग वेगळे असतात. पावसाची गळती एका जागी असते, पावसानंतर काही तासांत दिसते, डागाच्या कडेला पिवळसर-तपकिरी कड धरते आणि बऱ्याचदा एका विशिष्ट दिशेचा वारा असतानाच होते. वाशावरून ओघळाची रेघ खाली आलेली असते. ती रेघ वरच्या बाजूला शोधत जायचं, कारण पाणी जिथे टपकतं तिथेच ते आत शिरलेलं असतं असं नाही. वाशावरून ते दोन-तीन मीटर प्रवास करून आलेलं असू शकतं.

दवाची ओल पसरलेली असते. एका पाख्यावर, विशेषतः ऊन कमी लागणाऱ्या बाजूला, फळ्यांवर काळपट झाक दिसते. खिळे गंजलेले असतात. पाऊस नसतानाही थेंब येतात, उलट निरभ्र आणि गार पहाटे जास्त येतात. दुपारी तुम्ही वर जाता तेव्हा सगळं कोरडं, म्हणून कारण कळत नाही.

तिसरा प्रकार भिंतीतून झिरपणाऱ्या ओलीचा. तो ओळखायला एक जुनी युक्ती आहे. ओल्या जागेवर वीतभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला दव धरलं तर पाणी हवेतलं. आतल्या, भिंतीकडच्या अंगाला धरलं तर पाणी भिंतीतून येतंय, आणि हवा कितीही खेळवली तरी ते थांबायचं नाही.

सापडलेल्या प्रत्येक डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. पुढे कुठलाही उपाय लागू पडला की नाही, ते ही रेघ सांगेल. आपली आठवण त्या बाबतीत फार लबाड असते.

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

दोन डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारी उपकरणं, घ्या. एक पोटमाळ्यात मधोमध, छपरापासून जरा खाली; दुसरा बाहेर, पावसा-उन्हापासून आडोशाला. स्वस्तातली उपकरणं पाच-सात टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलसर रेती होईल एवढंच पाणी घाला आणि ते झाकण हायग्रोमीटरसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. उपकरण ७० दाखवत असेल तर ते पाचने कमी सांगतंय, एवढं लक्षात ठेवायचं.

आता खरी गोम. टक्क्यांची तुलना करून काही कळत नाही. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाची हवा जेवढी वाफ सामावू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे, एवढंच. ३० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांची १७ ग्रॅम, १० अंशांची जेमतेम ९ ग्रॅम. त्यामुळे गार हवेतले ९० टक्के हे उबदार हवेतल्या ६० टक्क्यांपेक्षा कोरडे असू शकतात. तुलना करायची ती दवबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतलं पाणी सुटू लागतं त्याची. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर ढोबळ हिशेब तोंडी होतो: शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचने भागा, येईल तो आकडा तापमानातून काढा.

समजा पोटमाळ्यात २४ अंश आणि ८० टक्के आहे. शंभरातून ऐंशी गेले वीस, भागिले पाच, चार. दवबिंदू २० अंश. बाहेर १८ अंश आणि ९० टक्के असेल तर दवबिंदू १६. बाहेरची हवा दमट वाटते, पण प्रत्यक्षात कोरडी आहे. ती आत घेतली तर फायदा होईल. आणि मुख्य म्हणजे आतला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा ४ अंशांनी जास्त आहे, याचा अर्थ वाफ बाहेरून येत नाहीये, तुमच्याच घरातून वर जातेय.

आठवडाभर पहाटे, दुपारी आणि रात्री आकडे लिहा. आतला दवबिंदू सतत २ अंशांहून जास्त चढा असेल तर उगम घरात आहे. दोन्ही जवळपास सारखे आणि दोन्ही जास्त असतील तर बाहेरची हवाच दमट आहे, तिचा विचार पुढे करू. लाकडातली ओल मोजायचं दोन टोकांचं मीटर मिळालं तर उत्तम. १६ टक्क्यांच्या खाली निश्चिंत राहा, २० च्या वर काळजी. मीटर नसेल तर वाशाच्या टोकाला, भिंतीत शिरतो तिथे, स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. निरोगी लाकडात तो अडतो, कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखा जातो. तसं झालं तर हा लेख बाजूला ठेवून आधी सुतार बोलवा.

पहिली पायरी: वाफेचा उगम तोडणं

चार माणसांच्या घरात आंघोळ, स्वयंपाक, कपडे आणि श्वास मिळून दिवसाला सुमारे १० लिटर पाणी हवेत जातं. घरात दोरीवर वाळत घातलेल्या एका धुण्यातूनच दीड-दोन लिटर. ते कुठेतरी जाणारच.

आधी न्हाणीघराचा आणि स्वयंपाकघराचा पंखा पाहा. त्याचं नळकांडं कुठे संपतं ते हाताने चाचपत जाऊन खात्री करा. ‘बाहेर काढलंय’ हे ऐकीव चालणार नाही. ते छपरातून किंवा भिंतीतून थेट बाहेर गेलं पाहिजे. वळचणीच्या पोटात सोडलेलं नळकांडंही फसवं, कारण तिथूनच पोटमाळा हवा आत ओढतो आणि बाहेर टाकलेली वाफ मागच्या दाराने परत येते.

नळकांडं शक्यतो गुळगुळीत, ताठ पाइपचं असू द्या. अकॉर्डियनसारखं लवचीक नळकांडं लांब पडलं की मधे झोळ येतो, झोळात वाफेचं पाणी साठतं आणि हवेची वाट बुजते. मी काढलेल्या नळकांड्याच्या पोटातून जवळपास तांब्याभर पाणी निघालं. पंखा फिरत होता, आवाज करत होता, हवा मात्र जात नव्हती. पाइप आडवा असेल तर बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, पोटमाळ्यातून जाणाऱ्या भागाला उष्णतारोधक वेष्टण करा आणि बाहेरच्या तोंडाला उलटी हवा अडवणारी झडप लावा. पंखा खरंच ओढतोय का ते टिश्यू पेपरने कळतं: जाळीला लावून सोडला तर चिकटून राहायला हवा. राहत नसेल तर आधी न्हाणीघराच्या दाराखाली सेंटीमीटरभर फट आहे का पाहा. आत हवा यायलाच वाट नसेल तर पंखा बाहेर काय टाकणार? आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू ठेवा.

गॅस गिझर किंवा कुठल्याही जळणाचा धूर पोटमाळ्यात सुटत असेल तर ते ओलीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. त्यात वाफेबरोबर कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस मारतो. ते उपकरण त्याच क्षणी बंद करा आणि नळकांडं जाणकाराकडून बाहेर काढून घ्या.

बाकीचे उगम छोटे पण चिवट. पोटमाळ्यातल्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवं. गार पाण्याचे पाइप दमट हवेत घामेजतात, त्यांना फोमची नळी चढवा. संडासाचा हवेचा पाइप छपराबाहेर न नेता पोटमाळ्यातच संपवलेला असतो, तोही वर काढा. एसीच्या ट्रेमधून पाणी वाहून नेणारी नळी तुंबली की ट्रे भरून सांडतो आणि आपण परत छपराला दोष देतो.

दुसरी पायरी: छताच्या फटी

वाफ छताच्या पाटीतून झिरपूनही वर जाते, पण अगदी हळूहळू. खरी वाहतूक फटींतून होते. उबदार हवा वर चढते, वरच्या फटींतून निसटते आणि जाताना वाफ घेऊन जाते. दिव्याच्या भोकाभोवतीची बोटभर फट अख्ख्या छताच्या पाटीपेक्षा जास्त पाणी वर पोचवू शकते. आणि इथेच झरोका आधी बसवण्याची चूक महागात पडते. वर हवा सुटायला मोठी वाट केली आणि खालच्या फटी तशाच ठेवल्या, तर पोटमाळा खोल्यांमधली हवा पूर्वीपेक्षा जोमाने ओढू लागतो.

फटी शोधायला ग्लासवूल उचलून पाहा. कुठेकुठे त्याच्या खालच्या बाजूला काळे पट्टे दिसतील. ती बुरशी असेलच असं नाही. वर्षानुवर्षं तिथून हवा जात राहिली आणि धूळ गाळली गेली, त्याची ती खूण आहे. काळ्या पट्ट्याच्या बरोबर खाली फट सापडते. बाकी ठिकाणी अगरबत्तीचा धूर धरा: खोलीतून, छताच्या कडेला, दिव्यांपाशी, पोटमाळ्यात चढायच्या झडपेच्या चौकटीपाशी. धूर सरळ वर ओढला गेला की फट सापडली.

वायरींची आणि पाइपांची भोकं, आतल्या भिंतींचे माथे, पाइपांच्या उभ्या पोकळ्या आणि पोटमाळ्याची झडप, या चार जागी निम्म्याहून जास्त काम असतं. बारीक फटींना सीलंट, दोन-तीन सेंटीमीटरच्या भोकांना फोम, त्याहून मोठ्या पोकळीवर पाटीचा तुकडा बसवून कडेने सीलंट. धुराच्या गरम नळकांड्याभोवती फोम कधीही नको. तिथे पत्र्याची पट्टी आणि उष्णता सोसणारं सीलंटच. छतात खोचलेल्या दिव्यांवर ग्लासवूल थेट पसरू नका, झाकून चालतील असं त्यांच्यावर लिहिलेलं असेल तरच. एरवी ते तापतात.

झडपेला चौकटीभोवती फोमची पट्टी लावा, पट्टी दाबली जाईल अशा दोन कड्या लावा आणि पाठीवर उष्णतारोधकाचा जाड तुकडा चिकटवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि एवढ्या कमी श्रमात एवढा फरक पाडणारं दुसरं काम मला माहीत नाही.

ग्लासवूल भिजलेलं असेल तर दाबून पाहा. फुलून वर येत नसेल तर बदला, ओलं आणि चपटं ग्लासवूल उष्णता अडवत नाही. मात्र वरून प्लास्टिकची ताडपत्री अंथरू नका. थंड हवामानात ती चुकीच्या बाजूला पडते आणि तिच्याच पोटाला दव धरतं.

तिसरी पायरी: हवेची वाट

हवा खालून शिरावी, वरून निघावी. खाली म्हणजे वळचणीत, वर म्हणजे आढ्याजवळ. नुसतं वर भोक ठेवलं तर हवा येणार कुठून, आणि नुसतं खाली ठेवलं तर वरची गरम, दमट हवा कोंडूनच राहते.

किती वाट ठेवायची याचा रूढ हिशेब असा: पोटमाळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाचा तीनशेवा भाग, अर्धा खाली, अर्धा वर. खाली-वर अशी समतोल वाटणी जमत नसेल तर दीडशेवा भाग. पोटमाळा ६० चौरस मीटरचा धरू. तीनशेवा भाग म्हणजे ०.२ चौरस मीटर, अर्थात २००० चौरस सेंटीमीटर. त्यातले १००० खाली, म्हणजे प्रत्येक वळचणीला ५००. वळचण १० मीटर लांब असेल तर सलग अर्ध्या सेंटीमीटरची फट पुरते. पण हा हिशेब मोकळ्या जागेचा आहे. जाळी, पट्ट्या आणि बसणारी धूळ धरली तर निम्मी जागा सहज जाते, म्हणून प्रत्यक्षात सेंटीमीटरभर फट ठेवा. छपराचा उतार १५ अंशांपेक्षा कमी असेल तर हवा आपसूक चढत नाही, तिथे अडीच सेंटीमीटर लागते.

जाळीचं भोक तीन-चार मिलीमीटरचं असावं. डासही शिरू नये म्हणून बारीक जाळी लावली की ती वर्षा-दोन वर्षांत धुळीने आणि कोळिष्टकांनी मिटते. रंगारी आला की तिच्यावरून ब्रश फिरवून उरलीसुरली भोकंही बुजवतो, म्हणून रंगकामाच्या वेळी तिथे उभे राहा.

वळचणीत फट असूनही हवा येत नसेल तर आतून पाहा. कुणीतरी ग्लासवूल थेट कोपऱ्यापर्यंत कोंबलेलं असतं. ते मागे ओढा आणि दोन वाशांच्या मधे पन्हळीसारखी ताठ पट्टी बसवा, म्हणजे ग्लासवूल आणि छपराच्या मधे पाच सेंटीमीटरची मोकळी वाट कायम राहील. काम सरपटत करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण टाळण्यासारखं नाही.

आढ्यावर झरोका करता येत नसेल तर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, जमेल तितक्या वर, समोरासमोर झरोके ठेवा. पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या हव्यात, आणि पावसाचा मारा ज्या बाजूने असतो तिथल्या झरोक्यावर छोटी छपरी हवी. एक चूक टाळा: आढ्याची वाट, भिंतीचा झरोका आणि वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर, तिन्ही एकत्र नकोत. हवा आळशी असते. ती जवळच्या भोकातून येऊन शेजारच्याच भोकातून जाते आणि वळचणीकडचा भाग तसाच कोंदट राहतो.

पोटमाळ्यातली हवा बाहेर फेकणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या पंख्याबद्दल मी साशंक आहे. तो बाहेरून हवा ओढतो तशीच, फटी उघड्या असतील तर, खोल्यांतूनही ओढतो. घरात जळणावर चालणारं उपकरण असेल तर त्याचा धूरही खोलीत उलटा ओढला जाऊ शकतो. छत पुरतं बंद झाल्यावर, वळचणीची वाट मोजून घेतल्यावर, आणि तरीही गरज उरली तरच तो लावा. हवेतली ओल काढून घेणाऱ्या डीह्युमिडिफायरचंही तसंच. चारही बाजूंनी उघड्या पोटमाळ्यात तो लावणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. पूर्ण बंदिस्त जागेत तो उपयोगी पडतो, पण कॉम्प्रेसरवाला प्रकार १५ अंशांच्या खाली मंदावतो.

पत्र्याचं वेगळं गणित

निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. मोकळ्या जागेतल्या गाडीच्या टपावर पहाटे दव साचतं, तेच हे. त्यामुळे घरातली वाफ पूर्ण तोडली, हवा मनसोक्त खेळवली, तरी पत्र्याच्या पोटाला दव धरूच शकतं, कारण ते बाहेरच्याच हवेतलं असतं. इथे उपाय एकच: पत्रा आणि आतली हवा यांची गाठ पडू द्यायची नाही. पत्र्याला खालून उष्णतारोधक थर पूर्ण चिकटून बसवा, सांधे टेपने बंद करा, मधे हवा राहू देऊ नका. वरून पांढरा रंग दिल्याने दुपारची उष्णता कमी होते, रात्रीचं दव त्याने थांबत नाही.

बाहेरची हवाच दमट असेल तेव्हा

बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असेल तर दवबिंदू २५. पोटमाळ्यात ३१ अंश आणि ७० टक्के असेल तरी तोही २५. इथे झरोके उघडून आर्द्रता घटणार नाही, कारण आत येणारी हवा तितकीच ओली आहे. अशा दिवसांत झरोक्यांचं काम उष्णता बाहेर काढणं एवढंच. आणि खाली एसी २२ अंशांवर चालत असेल, तर पोटमाळ्यातल्या २५ दवबिंदूच्या हवेला गार छताची वरची बाजू आणि एसीची नळकांडी आयतीच सापडतात. दव मग छपराला नव्हे, छताला वरून धरतं. खोलीत डाग पडतो तो दिव्याच्या भोवती किंवा एसीच्या जाळीपाशी. यावर छताच्या फटी बंद करणं, नळकांड्यांच्या सांध्यांना टेप आणि सलग वेष्टण करणं आणि एसी दोन-तीन अंशांनी वर ठेवणं हे उपाय चालतात. बाष्परोधक थर नेहमी उबदार-दमट बाजूला असावा लागतो. थंड प्रदेशात ती बाजू खोलीकडची, उष्ण-दमट प्रदेशात बाहेरची. दोन्हीकडून प्लास्टिक लावलं तर मधे सापडलेल्या लाकडाला सुकायला वाटच उरत नाही.

बुरशी

पृष्ठभागावरची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. ओल थांबवण्याआधी ती पुसू नका, नुसती मेहनत वाया जाते. ओल थांबल्यावर मास्क घालून, फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून, घट्ट पिळून पुसा. डाग उरला तरी चालतो, तो मेलेला रंग आहे. ब्लीच लाकडात खोल जात नाही, त्यातलं पाणी मात्र जातं. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा ॲसिडवालं कुठलंही क्लीनर मिसळलं तर विषारी वायू सुटतो, आणि पोटमाळ्यात पळायला जागा नसते. डाग एक चौरस मीटरहून मोठा असेल किंवा घरात कुणाला दमा असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

सामान

पुठ्ठ्याची खोकी ओल शोषतात आणि बुरशीला खाऊ घालतात. झाकणाचे प्लास्टिकचे डबे बरे, पण आत ठेवलेलं कापड-कागद आधी उन्हात पुरतं सुकलेलं हवं, नाहीतर ओल आत कोंडली जाते. डबे पट्ट्यांच्या फळीवर ठेवा, भिंतीपासून पाच सेंटीमीटर लांब. वळचणीच्या कोपऱ्यात काहीही रचू नका, ती हवेची वाट आहे. डांबरगोळ्यांनी किडे जातात, ओल नाही.

खोलीतच भिंतीवर काढलेल्या सिमेंटच्या माळ्यालाही हेच लागू आहे. त्याच्या दारांना वर-खाली पट्ट्यांच्या जाळ्या लावा आणि मागची भिंत बाहेरची असेल तर सामान तिला टेकवू नका. माळा न्हाणीघराच्या डोक्यावर असेल तर न्हाणीघराच्या छतातून वर गेलेल्या पाइपांभोवतीची भोकं आधी बुजवा.

पुढचं वर्षभर

लाकूड हळू सुकतं. उपाय केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आकडे फारसे हलले नाहीत तर घाबरून दुसरं भोक पाडू नका. पोटमाळ्याचा दवबिंदू बाहेरच्या जवळ येऊ लागला की समजा काम लागू पडतंय, लाकडातली ओल त्यामागून उतरेल. पहिल्या पावसानंतर एकदा, पहिल्या गार निरभ्र पहाटे एकदा, आणि कडक उन्हाळ्यात एकदा वर जा. जाळ्या ब्रशने साफ करा, घरटी काढा, पंख्याच्या झडपेवर टिचकी मारून ती मोकळी हलते का पाहा. झडप उघडीच अडकली असेल तर पंखा बंद असताना न्हाणीघरात गार झुळूक येते, ती ओळखीची खूण आहे. हायग्रोमीटरचे सेल बदलले की मिठाची परीक्षा पुन्हा घ्या. आणि पेन्सिलची रेघ पाहा. डाग रेघेबाहेर गेला असेल, तर मागच्या भेटीनंतर घरात नवीन काय आलं ते आठवा: नवा पंखा, नवा गिझर, कपडे वाळवायची नवी जागा. बहुतेक वेळा असंच काहीतरी निघतं.